ग्रीसचं बोट

१

आबांच्या टेबलावर पेढ्याच्या खोक्याएवढ्या एका पुठ्ठ्याच्या डब्यातून तिनं तीन वस्तू काढून ठेवल्या. एक पितळी व्हॉल्व्ह, चुन्याच्या ढेकळासारखा एक पांढरा गोळा, आणि गाठ मारलेली पांढऱ्या पट्टीची एक कापलेली चिंधी. उजव्या हाताला मनगटापासून कोपरापर्यंत बँडेज होतं, त्यामुळे सगळं डाव्या हातानं चाललं होतं.

"मी समोरच्या कंपनीची इंजिनीअर," ती म्हणाली. "त्या दिवशी इस्पितळाच्या अंगणात तुम्ही मला पाहिलंय. भाजली ती मीच."

कारखान्याचे मालक आबा खुर्चीत सरळ झाले. त्यांच्या शेजारी निरोपबाई उभ्या होत्या.

निरोपबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. कर्मचारी विभाग त्यांच्याकडे होता, आणि कंपनी सोडणाऱ्या प्रत्येकाला शेवटच्या दिवशी त्यांच्यासमोर बसून चार गोष्टी बोलाव्या लागत. कुणीतरी गमतीनं म्हटलं निरोपबाई, आणि तेच चिकटलं. बाईंनाही त्याचं काही वाटत नसे. निघालेला माणूस काय बोलतो आणि काय गिळतो, हे त्यांच्याइतकं कुणी ऐकलं नव्हतं.

कंपनी आग विझवणारे सिलिंडर बनवायची. भिंतीला टांगतात ते लाल सिलिंडर. शहरातल्या मोठ्या इस्पितळाला नवे सिलिंडर हवे होते आणि दोन कंपन्यांमध्ये चुरस होती. परवा इस्पितळाच्या अंगणात लोखंडी परातीत आग पेटवून दोघांची परीक्षा झाली. आबांच्या सिलिंडरनं आग चुटकीसरशी गिळली. समोरच्यांची इंजिनीअर पुढे झाली, तिनं मूठ दाबली, सिलिंडर नुसता खोकला, आणि ज्वाळेनं तिची बाही पकडली. काम आबांना मिळालं. कारखान्यात पेढे वाटले गेले.

"सिलिंडर आम्ही नेऊन उघडला," इंजिनीअर सांगू लागली. "आत पावडर ओली होती. ओली झाली की तिचा असा दगड होतो आणि नुसता गॅस बाहेर येतो. पण आदल्या संध्याकाळी मी स्वतः तो हलवून पाहिला होता, पावडर पाण्यासारखी खळखळत होती. म्हणजे मधल्या वेळात कुणीतरी गॅस सोडला, व्हॉल्व्ह काढला, पाणी ओतलं, व्हॉल्व्ह बसवला आणि गॅस पुन्हा भरला. काटा अगदी हिरव्या पट्ट्यात. येरागबाळ्याचं काम नाही हे."

"म्हणजे आमच्यातलंच कुणी," आबा खालच्या आवाजात म्हणाले.

"मी अजून कुठे तक्रार केलेली नाही. तुमच्याबद्दल ऐकून होते, म्हणून आधी इथे आले." तिनं व्हॉल्व्ह उचलून त्याच्या तळाची काळी रबरी रिंग दाखवली. ती चमकत होती. "आणखी एक. आम्ही ही रिंग कोरडी बसवतो. इथे कुणीतरी ग्रीसचं बोट फिरवलंय. म्हणजे पुढे गळू नये म्हणून. ज्यानं सिलिंडर मारला, त्यानंच तो असा जपून बंद केला. मला हेच कळत नाही."

ती गेल्यावर आबांनी दार लावून घेतलं. मग म्हणाले, "बाई, काम परत द्यायचं झालं तर अर्धा कारखाना बसेल. तरी मला कळलं पाहिजे. ग्रीसचं तुमच्या-माझ्यात राहू द्या. आणि मला तोंडावर गोड काही सांगू नका."

२

दोन्ही कंपन्यांचे चार-चार सिलिंडर आदल्या दुपारी इस्पितळाच्या मागच्या खोलीत ठेवले होते. त्यातला कुठला वापरायचा हे मेट्रननं ठरवलं होतं. तिनं डोळे मिटून प्रत्येकी एकाला हात लावला आणि त्याच्या मुठीवर पट्टी बांधली. ते पाहायला आबांच्या कंपनीतले चौघंच तिथे होते, आणि खोलीचं दार संध्याकाळभर उघडंच होतं. म्हणजे करणारा त्या चौघांतला.

पहिले विक्रीसाहेब. त्यांच्या खोलीत अजून फुलांचा गुच्छ होता.

"बाई, जिंकलो ना आपण? मग आता कशाला उकरता?" त्यांनी हात पसरले. "समोरच्यांना हार पचत नाही. सिलिंडर गळका असेल त्यांचा."

"पट्टी बांधल्यावर तुम्ही कुठे होतात?"

"मेट्रनच्या मागे मागे! तिला आपल्या कंपनीचा सगळा इतिहास सांगत होतो. शेवटी वैतागून म्हणाली, तुम्ही जाता की मी सलाईन लावून घेऊ?" ते मोठ्यानं हसले, मग आवाज खाली आणून म्हणाले, "हे पाहा, समजा कुणी केलंच असेल काही, तर ते कुणासाठी? स्वतःच्या खिशासाठी नाही ना? कंपनीसाठीच. अशा माणसाला शोधून काय हार घालणार की फाशी देणार?"

बाईंना ते वाक्य खटकलं. पण विक्रीसाहेबांना व्हॉल्व्ह उघडता येतो यावर त्यांचा विश्वास बसेना. मागे एका प्रदर्शनात यांनी कौतुकानं सिलिंडरचं टोपण फिरवलं होतं आणि पाहुण्यांसकट सगळा स्टॉल पिठाच्या गिरणीसारखा पांढरा करून ठेवला होता.

दुसरे गाडीवाले मामा. दुरुस्तीची गाडी ते चालवायचे. गाडीत गॅसची टाकी, पाने, सगळं असे.

"गाडी इस्पितळाच्या मागच्या फाटकाशी उभी होती," मामा म्हणाले. "मी जेवायला गेलो. किल्ली गाडीतच. कायमची सवय, सगळ्यांना ठाऊक आहे. परत आलो तर माझी मलाच लाज वाटली हो बाई."

"का?"

"हत्यारं! मी कामाची हत्यारं तशीच पेटीत फेकतो, तेलकट. आलो तर सगळी पुसून, लहान-मोठी अशी रांगेत लावलेली. मला वाटलं कुणीतरी मला टोमणा मारलाय."

"कुणाला सांगितलंत?"

"कुणाला सांगणार? आपलीच अब्रू."

बाई उठल्या. म्हणजे मामांच्याच गाडीत काम झालं, आणि मामांनी ते केलं असतं तर हत्यारांची रांग स्वतःहून सांगायला ते वेडे नव्हते. बाकी राहिले दोघं. चाचणीखोलीतले मास्तर, आणि त्यांच्या हाताखालची धाकटी.

बाई चाचणीखोलीकडे हळूहळूच निघाल्या. कारण आज सकाळीच धाकटीनं राजीनामा दिला होता.

३

चाचणीखोली हे कारखान्याचं देवघरच म्हणायचं. तयार झालेल्या मालातला काही माल इथे यायचा, आपटला जायचा, तापवला जायचा, थरथरणाऱ्या यंत्रावर ठेवला जायचा. मास्तर पास म्हणाले तरच पुढे.

मास्तर कारखान्याच्या पहिल्या दिवसापासूनचे. शिकायला आलेल्या पोरांना ते घरच्यासारखी नावं देत. आधी थोरला होता, मग मधला, आणि आता धाकटी. थोरला आणि मधला एकामागून एक सोडून गेले होते. दोघंही हिरे होते. बाईंसमोर बसून दोघंही एकच बोलले होते, घरच्या अडचणी आहेत.

खुद्द बाईसुद्धा एकदा सोडून निघाल्या होत्या. तेव्हा मास्तरांनी त्यांना अडवलं होतं. "बाई, चांगलं माणूस गेलं की खुर्ची भरते, जागा भरत नाही," असं म्हणाले होते. त्या एका वाक्यावर बाई थांबल्या, आणि थांबल्याचा त्यांना कधी पश्चात्ताप झाला नव्हता.

"या बाई," मास्तर म्हणाले. हातातला फडका खांद्यावर टाकून त्यांनी स्टूल पुढे केलं. "परवाचंच ना? विचारा."

"पट्टी बांधल्यावर तुम्ही कुठे होतात?"

"अंगणात. परात कुठे ठेवायची, वारा कुठून येतो, ते बघत होतो. एकटाच." त्यांनी फडका पुन्हा हातात घेतला. "त्या पोरीचा हात कसा आहे?"

"भरून येईल म्हणतात. व्रण राहील."

मास्तरांनी मान हलवली. मग कोपऱ्यातल्या धाकटीच्या टेबलाकडे पाहून म्हणाले, "धाकटीला थांबवा बाई. माझं ऐकत नाही. तुमचं ऐकेल."

बाई तिथून थेट इस्पितळात गेल्या. मेट्रन कामात होती, पण चिंधी पाहताच थबकली.

"ही माझी गाठ नाही."

"पट्टी तुमचीच ना?"

"पट्टी माझी. गाठ नाही. मी रोज पट्ट्या बांधते, माझी गाठ चपटी बसते, रोग्याला टोचू नये म्हणून. हिचं शेपूट बघा, मागे वळवून तिच्याच फासात दाबलंय. सोडवायला नख लागेल. कोण असं बांधतं?"

बाईंना ते ठाऊक होतं, आणि ठाऊक नसतं तर बरं झालं असतं असं त्यांना वाटलं. थरथरणाऱ्या यंत्रावर सिलिंडरच्या चिठ्ठ्या सुटून पडत, म्हणून चाचणीखोलीत अशी गाठ मारायची रीत होती. सगळ्या कारखान्यात ती फक्त तिथेच मारत. व्हॉल्व्ह काढताना पट्टी सोडावी लागली असणार, आणि पुन्हा बांधताना हाताला सवयीची गाठ पडली असणार.

४

"ही गाठ कुणाची?" बाईंनी विचारलं.

कर्मचारी विभागाच्या छोट्या खोलीत धाकटी त्यांच्यासमोर बसली होती. तिनं चिंधी पाहिली. चेहऱ्यावरचा रंग उतरला, पण नजर वर आली.

"माझी," ती म्हणाली.

दाराशी विक्रीसाहेब उभे होते. ते कधी आले हे बाईंना कळलंही नव्हतं. "बघा!" ते म्हणाले. "म्हणूनच राजीनामा! चला, प्रश्न मिटला. पोरगी जातेच आहे, तिच्याबरोबर प्रकरणही जाऊ द्या. कंपनीचं नाव राहील."

"साहेब, दार बाहेरून लावून घ्या," बाई शांतपणे म्हणाल्या. दार लागलं. "आता मला सांग. कसं केलंस?"

"मामांच्या गाडीत. गॅस सोडला, व्हॉल्व्ह काढला, मगभर पाणी ओतलं. परत बसवला. गॅस भरला."

"का?"

"कंपनीसाठी. हे काम गेलं असतं तर माणसं कमी करणार होते ना. सगळे म्हणत होते."

"बरं. व्हॉल्व्ह बसवताना रिंगला काय केलंस?"

धाकटी गोंधळली. "काय करणार? काही नाही. तशीच बसवली. जो सिलिंडर मारायचाय त्याच्या रिंगची काळजी कोण करेल बाई?"

बाईंनी डोळे मिटून घेतले. अर्ध्या मनानं त्यांचा जीव भांड्यात पडला आणि अर्ध्या मनानं काळजात चर्र झालं.

"तू केलेलं नाहीस," त्या म्हणाल्या. "ज्यानं केलं त्यानं रिंगला ग्रीसचं बोट फिरवलंय. तू मनानं रचून सांगते आहेस, म्हणून शहाण्या माणसासारखं सांगते आहेस. त्याचे हात मात्र त्याच्या मनाला न विचारता चालले. त्यांनी हत्यारंसुद्धा पुसून रांगेत लावली."

धाकटीनं चिंधी हळूच बाईंकडे सरकवली.

"तुला कधी कळलं?"

"आग विझल्यावर." धाकटी म्हणाली. "ती ओरडत होती, सगळे तिच्याकडे धावले. सिलिंडर माझ्या पायाशी येऊन पडला होता. मुठीवर आपली गाठ. मी मारलेली नव्हती. बाई, मला त्यांनी बोट धरून शिकवलंय. मी त्यांचं नाव घेऊ शकत नाही. आणि उद्यापासून त्यांच्या शेजारी उभी राहून पास-नापास पण म्हणू शकत नाही. मग मी काय करायचं?"

ती गेल्यावर बाईंनी फोन उचलला. थोरला आता दुसऱ्या शहरात होता.

"बाई? तुम्ही?" तो आनंदानं म्हणाला.

"सहज केला. तेव्हा घरच्या अडचणी म्हणून गेलास. सुटल्या का त्या?"

मग तो अगदी हलक्या आवाजात म्हणाला, "मास्तरांना काही झालं नाही ना?"

बाईंनी मास्तरांचं नावही काढलं नव्हतं.

५

यंत्र बंद करून मास्तर वाटच पाहत असल्यासारखे बसले होते. आबाही आले. बाईंनी तिघांसाठी चहा मागवला, पण कुणी कपाला हात लावला नाही.

बाईंनी एकेक सांगितलं. पुसलेली हत्यारं, चाचणीखोलीची गाठ, धाकटीनं अंगावर घेतलेला आरोप आणि तो का खोटा. "ही गाठ मारणारी माणसं आज कारखान्यात दोनच आहेत. त्यातल्या एकीला रिंगचं ठाऊक नाही. राहिलात तुम्ही, मास्तर. पण मला त्याहून मोठं काहीतरी उमगलंय. थोरला गेला, मधला गेला, धाकटी निघाली. मी प्रत्येकाला अडचण विचारली, आणि प्रत्येकानं तुमचं नाव वाचवलं."

मास्तरांनी खांद्यावरचा फडका काढून टेबलावर ठेवला. मग ते म्हणाले, "थोरल्यानं नापास केलेला माल मी एकदा पास केला होता. दुसऱ्या दिवशी द्यायचा होता, वेळ नव्हता. मधल्याच्या वेळीही तसंच. काही बिघडलं नाही, नशीब. आबा, तुम्ही विचारलं नाहीत आणि मी सांगितलं नाही. माल गेला की तुम्ही माझ्या पाठीवर थाप मारायचात. मला वाटायचं, हीच माझी सेवा."

"आणि हे?" आबांनी विचारलं.

"माणसं कमी होणार असं कानावर आलं. इथली निम्मी माणसं मी हाताला धरून आणलीत. त्यांना घालवायचं कसं? वाटलं, पाणीच तर आहे. सिलिंडर चालणार नाही, ते हरतील, संपलं. ती पोर एवढी पुढे जाईल असं मनात आलं नाही." त्यांनी हातांकडे पाहिलं. "आग समोर असताना चांगलं माणूस पुढेच जातं. हे मी आयुष्यभर शिकवलं, आणि तेच विसरलो."

मग ते बाईंकडे वळले. "ज्यांना ठेवायला हे केलं, ती माझ्यामुळेच गेली ना?"

बाईंना हो म्हणवलं नाही.

"उद्या सगळ्यांसमोर मी बोलणार," मास्तर उठत म्हणाले. "आबा, मला अडवू नका."

"अडवत नाही," आबा म्हणाले. "पण तुमच्या आधी मी बोलणार. थाप मारणारा हात माझा होता."

६

दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या मधल्या मोकळ्या जागेत सगळे जमले. आबा खोक्यावर चढले नाहीत, सगळ्यांच्या बरोबरीनं खालीच उभे राहिले. "मी कधी विचारलं नाही, ही माझी चूक," एवढंच ते म्हणाले आणि बाजूला झाले. मास्तरांनी काहीच झाकलं नाही. मामा मागे उभे राहून डोळे पुसत होते.

तिथून आबा आणि मास्तर इस्पितळात गेले, आणि मग समोरच्या कंपनीत. बाई बरोबर होत्या. इंजिनीअरनं सगळं ऐकून घेतलं. मास्तरांनी मान खाली घातली होती. मग त्यांनी माफी मागितली.

"मला एकच सांगा," ती म्हणाली. "ते ग्रीस कशाला लावलंत?"

"लावायचं नव्हतं," मास्तर म्हणाले. "हात ऐकेना."

"व्रण राहणार आहे," ती म्हणाली. "माफ केलं असं मी आज म्हणणार नाही. पण तुम्ही तोंड दाखवायला आलात, हे लक्षात ठेवीन." तिनं पोलिसांत जायचं की नाही हे आपल्या कंपनीवर सोडलं. त्यांनी मास्तरांकडून लेखी कबुली आणि उपचारांचा खर्च घेतला, आणि पुढे गेले नाहीत.

इस्पितळाचं काम समोरच्यांना मिळालं. मास्तर कंपनी सोडून गेले. जाण्याआधी बाईंच्या छोट्या खोलीत, जिथे सगळे बसत तिथेच बसले.

"जाताना कंपनीला काय सांगाल?" बाईंनी नेहमीचा प्रश्न विचारला.

"सांगा, विश्वास ठेवा, पण विचारत जा," मास्तर म्हणाले. "माझ्यासारख्यालाही. खास करून माझ्यासारख्याला."

त्यांच्या मागून कारखान्यावर वाईट दिवस आले. बरीच यंत्रं महिनोन्‌महिने झाकून ठेवावी लागली. लोकांनी आळीपाळीनं रजा घेतल्या, स्वतः होऊन. विक्रीसाहेबांनी आबांसमोर आदळआपट केली, हातची लक्ष्मी परत दिली म्हणाले, पण राजीनामा मात्र दिला नाही. कुणीच दिला नाही. निरोपबाईंच्या समोरची खुर्ची रिकामी राहिली, तेव्हा त्यांनी ती उचलून चाचणीखोलीत पाठवून दिली. तिथे आता माणसं वाढली होती. धाकटीनं राजीनामा मागे घेतला होता, आणि एक दिवस काही न कळवता थोरला बॅग घेऊन फाटकात उभा राहिला होता. "घरच्या अडचणी सुटल्या," एवढंच तो म्हणाला.

मग एका सकाळी, बऱ्याच दिवसांनी मिळालेल्या एका मोठ्या शाळेचा माल गाडीत चढत असताना, धाकटी चाचणीखोलीतून बाहेर आली आणि मामांना म्हणाली, "उतरवा. नापास आहे." व्हॉल्व्हच्या एका खेपेत बारीक खोट होती. डोळ्यांना दिसणारही नाही अशी.

सगळे थबकले. आबा वरच्या गॅलरीत आले. विक्रीसाहेब तणतणत धावत आले, धाकटीसमोर उभे राहिले, तोंड उघडलं, मिटलं. तिनं नजर हलवली नाही. मग त्यांनी खिशातून फोन काढला आणि शाळेच्या मुख्याध्यापकांना लावला. बाई जिन्यात उभ्या राहून ऐकत होत्या.

"नमस्कार सर. माल आज येत नाही. हो, सगळा तयार आहे. नाही, गाडीही आहे." त्यांनी घसा साफ केला, आणि मग त्यांचा आवाज असा काही चढला की झाकलेल्या यंत्रांपर्यंत गेला. "नापास केलाय! आमच्याच मुलीनं!"